उजवा पाय

१

सकाळी सहा दहाची पहिली खेप माझी असायची. अप्परच्या बसस्टॉपवरून निघायचं, बिबवेवाडी, स्वारगेट करत मंडई गाठायची आणि तसंच परत. अशा पाच खेपा झाल्या की दुपारी मी धायरीला घरी. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर तेवढी खात्याची. ती मी, शेफाली पोकळे. नऊ वर्षं याच रूटवर काढली. कुठल्या स्टॉपवर कोण चढणार आणि कुणाचा पास संपलेला असणार, हे मला मान वर न करता कळायचं.

अप्परहून निघालं की दुसऱ्या स्टॉपनंतर उतार लागतो. सरळ आणि लांब. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि उतार जिथे संपतो तिथे चौक. चौकाच्या कोपऱ्यावर शाळा आहे. सहा दहाला तिथे कुत्रंही नसतं. सात चाळीसच्या खेपेला मात्र अख्खा चौक मुलांनी भरलेला असतो.

गेल्या दिवाळीनंतर आम्हाला गाडी बदलून मिळाली, चौदा बहात्तर. दुसऱ्या डेपोतून आलेली, बाहेरून बरी दिसणारी. ड्रायव्हर नेहमीचेच, संपतभाऊ. पहिल्या आठवड्यात मला खटकला तो फक्त आवाज. गाडी थांबली की ब्रेकची हवा सुटते, फुस्स् होतं. त्या आवाजावर मी तिकीट फाडता फाडता दाराकडे सरकायचे. चौदा बहात्तरमध्ये तो बाकी सगळीकडे व्हायचा, उतारावर व्हायचा नाही. गाडी हळूहळू मंदावायची, चौकात सिग्नलला नीट उभी राहायची. पण फुस्स् नाही. मी दाराकडे सरकायला रोज चुकायचे.

मग एका सकाळी उतारावरच माझ्या मशीनमधला कागदाचा रोल निसटला आणि सीटखाली घरंगळत गेला. तो घ्यायला मी वाकले.

सगळ्या सीटखाली पाय दिसत होते. चपला, कॅनव्हासचे बूट, कुणाचे नुसतेच भेगाळलेले तळवे. डावे पाय जसे असतात तसे होते, कुणाचा आत दुमडलेला, कुणाचा बॅगेवर. उजवे पाय सगळे पुढे आले होते आणि जमिनीवर दाबलेले होते. नुसते टेकलेले नव्हते. अंगठ्याची नखं पांढरी पडली होती. पोटऱ्या टरारल्या होत्या.

मी वर पाहिलं. एक मुलगी कानात इयरफोन घालून खिडकीबाहेर बघत होती. दोघे कामगार कसल्याशा मॅचवरून वाद घालत होते. तिसऱ्या सीटवर मथुराबाई, मंडईबाहेर लिंबं-मिरच्या विकणाऱ्या, मांडीवरच्या पाटीचं फडकं सारखं करत होत्या. शेवटच्या सीटवर एक वॉचमन रात्रपाळी संपवून तोंड उघडं टाकून झोपला होता.

त्याचाही पाय दाबलेला होता.

२

मी काही घाबरट बाई नाही. उतारावर माणूस पाय दाबतो, त्यात काय? नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही दाबते आणि तो माझ्यावर हसतो. असं मी स्वतःला दोन-तीन दिवस सांगितलं.

मग चौदा बहात्तर सर्व्हिसिंगला गेली आणि दोन दिवस दुसरी गाडी आली. माणसं तीच, उतार तोच. मी मुद्दाम खाली वाकून पाहिलं. इयरफोनवाल्या मुलीने पायावर पाय टाकला होता. वॉचमनचा पाय झोपेत हलत होता. आणि चौकात फुस्स् झालं, इतकं मोठ्याने की मी दचकले.

तिसऱ्या दिवशी चौदा बहात्तर परत आली आणि पायही परत आले.

मी मथुराबाईंना विचारलं, "मावशी, उतारावर पाय एवढा का दाबता?"

"कोन दाबतं?" त्या म्हणाल्या. "मी बसलीय गप. ह्यो पाय मेला तसाबी दिसभर ठनकतोय. पिंढरीला गोळं येत्यात."

"कधीपासून?"

"झालं की दोन-तीन आठवडं. वय हाय आता."

मी आणखी दोघातिघांना विचारलं. एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिकिटाचं बघा ना." इयरफोनवाली म्हणाली, "आय डोन्ट नो, मी नोटीसच नाही केलं. पण माझा काफ जाम दुखतोय हल्ली, जिममुळे असेल."

त्या दिवशी मंडईला गाडी रिकामी झाल्यावर मी सीटमधून चालत गेले आणि खाली बघत राहिले. जमिनीवर काळं रबर असतं, त्यावर बारीक उंचवटे. प्रत्येक सीटपुढे, उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत ते उंचवटे झिजून गेले होते. काही ठिकाणी आतला पांढरा दोरा दिसत होता. डाव्या बाजूला एकही नाही. माझ्या सीटपुढेही ती जागा होती. मी तिच्यावर पाय ठेवून पाहिला. बरोबर माझ्या मापाची निघाली.

३

संपतभाऊ मंडईला टपरीवर चहा पीत होते. वेल्ह्याकडचा माणूस, बोलणं मोजकं. मी त्यांना सरळ विचारलं, "उतारावर ब्रेकचा आवाज का येत नाही हो?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"ताई, कुनाला बोलू नका," ते म्हणाले. "सपाटीला धरतो कसाबसा. उतारावर न्हाई. पायडल पार तळाला जातं, काय लागतच न्हाई पायाला. हँडब्रेक वढला तरी तेच."

"मग गाडी थांबते कशी?"

"ते मला काय म्हाईत? मी नुसता पाय ठिवतो आन् सटवाईचं नाव घेतो. थांबती. दर बारीला थांबती, चौकातल्या त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडं."

"लिहून दिलंत की नाही?"

"अकरा येळा दिलंय. गाडीच्या वहीत. खाली लिवलेलं असतंय, तपासली, ठीक." त्यांनी मोबाईल काढला. "वर्कशॉपातल्या एका पोरानं ह्यो फोटो दिला. विंग्रजी हाय, तुम्ही वाचा."

गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. अमुक काळात तयार झालेल्या गाड्यांच्या मागच्या ब्रेक चेंबरमध्ये दोष आढळला आहे. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही निकामी होऊ शकतात. गाड्या ताबडतोब वापरातून काढाव्यात आणि दुरुस्तीसाठी परत द्याव्यात. खाली गाड्यांचे नंबर. चौदा बहात्तर दुसऱ्या ओळीत होती. पत्राची तारीख वाचून माझ्या कानशिलात रक्त चढलं. आमच्याकडे गाडी आली त्याच्या पाच महिने आधीचं पत्र होतं.

ड्यूटी संपल्यावर मी तशीच डेपोत आगटेसाहेबांकडे गेले. आमोद आगटे, डेपोचे इंजिनिअर. गाडी रस्त्यावर सोडायची तर सही त्यांची लागते.

"कुठली गाडी?" त्यांनी विचारलं. "चौदा बहात्तर. हं. आपण ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग कुठून केलंत?"

"साहेब, कंपनीने गाड्या परत बोलावल्यात. पत्र आहे."

"पत्र मला आलंय. ते तुमच्याकडे कसं आलं, हे आधी सांगा."

वर्कशॉपातल्या पोराचं मी सांगितलं नाही. ते खुर्चीत मागे रेलले.

"बदलायचे पार्ट कंपनीकडेच नाहीत. तोवर तपासणी करून वापर चालू ठेवायचा, असं ठरलंय. तपासणी मी स्वतः केलीय."

"उतारावर?"

"डेपोत."

"डेपो सपाट आहे, साहेब."

"मग काय उतार डेपोत आणून ठेवू?" ते हसले. "अडतीस गाड्या आहेत त्या लॉटमधल्या. सगळ्या उभ्या केल्या तर पब्लिकला खांद्यावर बसवून नेणार आहात का? दुखतात का हो खांदे तुमचे? नाही ना? मग या."

पायांबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार होते?

४

रविवारी दुपारी बारा दहाच्या खेपेला सहाच माणसं होती. मी हे आधी लक्षात घेतलं नव्हतं. घ्यायला हवं होतं.

उतार सुरू झाला आणि गाडी मंदावली नाही. दुकानांच्या पाट्या खिडकीतून नेहमीपेक्षा भराभर मागे जात होत्या. मी मागच्या दाराजवळ दांडी धरून उभी होते. समोर संपतभाऊंची पाठ ताठ झालेली दिसत होती. ते ओरडत नव्हते, हॉर्नही वाजवत नव्हते.

मग ती सहा माणसं सीटवरून उचलली गेली. उभी राहिली नाहीत. उजव्या पायावर इतका जोर आला की अंग वर उचललं गेलं, कंबर सीटपासून वीतभर सुटली. एक माणूस फोनवर बोलत होता. तो तसाच अधांतरी बोलत राहिला, "हो हो, पोचतोच आहे, श्रीखंड घेऊ का अर्धा किलो?" त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

आणि माझा उजवा पाय खाली गेला.

दुसऱ्या कुणी तो दाबला असं मला वाटलं नाही. ताकद माझीच होती. पोटातून, कमरेतून, मांडीतून ती खाली ओढली जात होती आणि मला कुणी विचारलं नव्हतं. रोज असंच होत असणार. रोज होत होतं आणि मला आज कळत होतं, कारण आज संपतभाऊ धरून आठच जण होतो.

गाडी थांबली तेव्हा पुढची चाकं झेब्रा पट्ट्यांच्या पलीकडे होती. एक स्कूटरवाला शिव्या देत बाजूने गेला. सहाही जण सीटवर खाली आले. फोनवाला म्हणाला, "नको मग, आम्रखंडच घेतो."

संपतभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं होतं. मागून हॉर्न वाजू लागले तरी त्यांना गिअर पडेना.

५

सोमवारी सात चाळीसच्या खेपेला गाडी गच्च होती. उताराच्या वरच्या टोकाला, सपाटीवर, मी एक बेल मारली. संपतभाऊंनी गाडी बाजूला घेतली. आमचं आधीच ठरलं होतं.

"उतरा सगळे," मी म्हणाले. "ही गाडी खाली जाणार नाही. ब्रेक नाहीत."

लोकांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कुणाची शिफ्ट चुकत होती, कुणाचं थंब इम्प्रेशन. "रोज जाते ती आज कशी जात नाही?" एका गृहस्थांनी विचारलं. "आपल्याला बरं नसेल तर रजा घ्यावी माणसाने." मथुराबाई पाटी घेऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या, उजवा पाय जरा उचलून.

अर्ध्या तासाने आगटेसाहेब स्कूटरवरून आले. मी त्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः खाली नेऊन दाखवा. रिकामी."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग किल्ली घेतली. "हेवी लायसन्स आहे माझ्याकडे," ते लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि चढले.

माझ्या मनात एवढंच होतं, की गाडीत कुणी नाही, म्हणजे पाय नाहीत, म्हणजे आता त्या माणसाला कळेल. गाडी उतारावर गेली. वेग घेऊ लागली.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांचं बोलणं थांबलं नाही. शिव्या चालूच होत्या. एक जण वडापाव खात होता. आणि त्या पन्नास-पंचावन्न माणसांनी एकदम उजवा पाय पुढे टाकला आणि डांबरावर दाबला. एकच आवाज झाला, ठप्प. संपतभाऊंचा पाय गेला. माझा गेला. दूर खाली चौदा बहात्तर मंदावत गेली आणि पट्ट्यांच्या अलीकडे उभी राहिली. उशिरा आलेली चार मुलं दप्तरं हलवत तिच्यासमोरून रस्ता ओलांडून गेली.

ती मुलं पलीकडे पोचली तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. एका माणसाला खोटं पाडायचं म्हणून ब्रेक नसलेली गाडी मी शाळेच्या चौकात सोडली होती. रागात माणूस काय करेल याचा मला तोवर अंदाज नव्हता.

आगटेसाहेब चालत वर आले. "ब्रेक एकदम ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलंत ना? बाईंना जरा विश्रांतीची गरज आहे."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच लोकांनी पाय दाबून त्याची टेस्ट पास करून दिली आणि वर माझ्यावर हसले.

मागे काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. मथुराबाई रस्त्यावर बसल्या होत्या आणि लिंबं उतारावरून घरंगळत चालली होती. त्यांच्या पिंढरीचा स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी विचारलं, बाई, या वयात एवढं काय उचलायला गेला होतात?

६

मला निलंबित केलं. संपतभाऊंना ठेकेदाराने त्याच दिवशी घरी पाठवलं, ते गावी निघून गेले. चौदा बहात्तर दुसऱ्या दिवसापासून परत त्याच रूटवर, नवा ड्रायव्हर, नवी कंडक्टर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. माझा उजवा पाय पुढे गेला आणि फरशीवर दाबला गेला. तव्यावरची पोळी जळत होती आणि मला हलता येत नव्हतं. घड्याळात सात सेहेचाळीस झाले होते. धायरी ते तो उतार, मध्ये अर्धं शहर आहे. पाय सुटल्यावर मी तिथेच खाली बसले आणि रडले नाही. मला इतका संताप आला होता की दात दुखायला लागले. कामावरून काढलेली बाई घरात उभी राहून त्यांच्या गाडीला ब्रेक मारत होती.

मी मथुराबाईंकडे गेले. एका खोलीचं घर, दाराशी रिकामी पाटी. त्या खाटेवर होत्या, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. आम्ही बोलत होतो. बारा सोळाला त्यांचं ते प्लास्टरमधलं पाऊल समोरच्या भिंतीला जाऊन भिडलं. खाट कुरकुरत मागे सरकली. भिंतीच्या त्या जागेचा रंग उडाला होता आणि प्लास्टरचा पांढरा भुगा खाली साठला होता.

त्यांचे ओठ दाबलेले होते. पाय सुटल्यावर त्यांनी श्वास सोडला.

"बघ की पोरी," त्या म्हणाल्या. "मी न्हाई गेले तरी ह्यो जातोयच."

७

चौकशी एका गुरुवारी होती, साडेअकरा वाजता, मुख्य कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, काचेखाली जुनी कॅलेंडरं, पंख्याचा खडखडाट. चौकशी अधिकारी गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे, निवृत्तीला आलेले, प्रत्येक कागद दोनदा वाचणारे. टाईप करायला नीरजाबाई. साक्षीला आगटेसाहेब.

संपतभाऊंकडून घेतलेला पत्राचा फोटो मी पुढे केला. "याची मूळ प्रत आपल्याकडे आहे का?" सहस्रबुद्ध्यांनी विचारलं. नव्हती. "मग हे चित्र झालं," ते म्हणाले आणि बाजूला ठेवलं.

बारा वाजून गेले. आगटेसाहेब घड्याळ बघत होते. एकदा बघितलं, मग मिनिटाने परत. माझं सुरुवातीला लक्ष नव्हतं. बारा दहाला ते उठले.

"सर, माझं झालं असेल तर मी निघतो. एक अर्जंट कॉल आहे."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पंखा अगदी डोक्यावर होता. मला एकदम काहीतरी कळलं, नीट काय ते नाही.

"साहेबांना प्रश्न विचारायचेत मला," मी म्हणाले. "साक्षीदाराला प्रश्न विचारायचा मला हक्क आहे."

"आहे," सहस्रबुद्धे म्हणाले. "बसा, आगटे."

ते बसले. मी प्रश्न विचारत राहिले. तपासणी कुठल्या तारखेला केली, गाडीत कोण होतं, वजन किती होतं, वहीतल्या अकरा तक्रारींखाली 'ठीक' कुणी लिहिलं. ते हो-नाही करत होते. त्यांचे दोन्ही हात टेबलाखाली गेले होते.

बारा सोळा. माझा पाय पुढे गेला.

नीरजाबाईंच्या बोटांचा आवाज अडखळला आणि परत सुरू झाला. सहस्रबुद्धे कागद वाचत होते, पण त्यांची खुर्ची बोटभर मागे सरकली. मी टेबलाची कड धरली आणि वाकले.

सहस्रबुद्ध्यांची सँडल जमिनीवर घट्ट दाबलेली होती, पायाचा घोटा थरथरत होता. नीरजाबाईंच्या चपलेचा पट्टा ताणला गेला होता. ही दोघं कधी त्या गाडीत बसली नसतील. पलीकडे आगटेसाहेब. त्यांनी दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा धरला होता आणि वर ओढून ठेवला होता. पँट त्या जागी चुरगळून मऊ पडली होती. हाताची पकड सराईत होती. पाय खाली जायला धडपडत होता आणि ते जाऊ देत नव्हते.

मी वर आले. आमची नजर भेटली.

"कधीपासून माहितीय?" मी विचारलं.

त्यांनी गुडघा आणखी वर ओढला.

"कधीपासून?"

"डेपोतल्या पहिल्या टेस्टपासून. तेव्हाच पाय खाली गेला होता माझा," ते हळू म्हणाले.

"आणि तरी सही केलीत."

"थांबतीये ना ती?" त्यांचा आवाज चिरकला. "रोज थांबतीये. मग झालं तर."

मला मथुराबाईंची खाट आठवली, सरकताना कुरकुरणारी. आणि हा माणूस रोज वेळ बघून स्वतःचा पाय उचलून धरत होता.

पाय सुटायला हवे होते. एव्हाना सुटतात. सुटले नाहीत. उलट जोर वाढला, माझी मांडी भरून आली, नीरजाबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. सहस्रबुद्ध्यांनी चष्म्यावरून इकडेतिकडे पाहिलं, त्यांना आपण काय करतोय ते समजत नव्हतं. दूर कुठेतरी ती गाडी अजून खाली येत होती.

मी टेबलावरून पुढे झाले, माझा दबलेला पाय तसाच ठेवून, आणि त्यांच्या मनगटावर जोरात फटका मारला. एकदा, दोनदा. "हात काढा," मी ओरडले. "हात काढ! गाडी धर आता! तू धर!"

त्यांचे हात सुटले. बूट फरशीवर आदळला. खालची फरशी तडकल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

आणि आमचे पाय सुटले.

सहस्रबुद्धे वाकून पोटरी चोळत होते. मग त्यांनी चष्मा पुसला, कागद सारखे केले. "पायात गोळा आला," ते स्वतःशीच म्हणाले. "तर. घ्या, नीरजाबाई. साक्षीवरून ब्रेक सुस्थितीत असल्याचे आढळते. लिहा."

नीरजाबाई लिहीत नव्हत्या. त्या आगटेसाहेबांकडे बघत होत्या.

"लिहा."

"ब्रेक सुस्थितीत, बरं," त्या म्हणाल्या. "आणि गाडी कुणाच्या पायांनी थांबली, तेही लिहू का?"

आगटेसाहेब खुर्चीतच होते, ताठ. दोन्ही हात आता टेबलावर होते. त्यांचा पाय अजून सुटला नव्हता.

८

चौकशीचा कागद तिथेच अडला आहे. पुढची तारीख आलेली नाही. ब्रेक सुस्थितीत असल्याचं वाक्य नीरजाबाईंनी टाईप केलं नाही, एवढं मला त्यांनी फोन करून सांगितलं.

त्या दिवसापासून माझा पाय दाबला गेलेला नाही. मथुराबाईंचाही नाही, प्लास्टर निघालं, त्या भिंतीला धरून चालतात. चौदा बहात्तर मात्र त्याच उतारावरून रोज जाते. मी एकदा चढून, वाकून बघितलं. सगळे पाय सैल होते, कुणाचा पायावर पाय, कुणाचा हलणारा. आणि तरी गाडी थांबली. फुस्स् न होता.

आगटेसाहेब रजेवर आहेत, असं डेपोत सांगतात. घराबाहेर दिसत नाहीत म्हणे. सही दुसरेच कुणी करतात.

एकच पाय आहे तो, आणि आता सगळा भार त्या एकट्यावर आहे. गेल्या आठवड्यात गाडी पट्ट्यांच्या अलीकडे थांबायची. या सोमवारी पुढची चाकं पट्ट्यांवर होती. मी खात्याला चार पत्रं दिली, पोलीस चौकीत एक दिलं, शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटले. सगळ्यांनी पोच दिली.

म्हणून आता मी रोज सकाळी सात चाळीसला त्या चौकात जाऊन उभी राहते. दोन्ही हात पसरते, आणि गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत एकाही मुलाला रस्त्यावर उतरू देत नाही.